मादी पाखराचा वास

सुज्ञ वाचकहो, अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातील फवारणी-औषधांच्या दुकानी रांगेत उभा असता कानी पडलेला, दोन सफरचंद-बागायतदारांचा संवाद येथे जसाच्या तसा सादर करीत आहे.

“नोरीनबाई, विद्यापीठाच्या कीड-संशोधनाचं सरकारी अनुदान थांबलं, बरं झालं. मादी पाखराचा वास हुंगायला आमचे पैसे!”

“व्हर्लिन, तुमच्या बागेत कामगंध सापळे टांगलेत, त्यांत काय असतं हो?”

“ते मी इथून विकत नेतो.”

“पण असतं काय?”

“...वास.”

“कोणाचा?”

“ते सोडा! अळीची पाखरं यंदा कधी उडणार? विद्यापीठाचा निरोप अजून नाही. फवारणीची वेळ चुकली, तर अख्खी बाग किडेल माझी.”

“निरोप देणारेच घरी बसलेत. आता तुम्हीच हुंगा.”

वाचनार्थ वेळ दिल्याबद्दल आपला ऋणी,
क्लाइड बर्गस्ट्रॉम, ट्रकचालक.