घोंगडीवरचे बोलणे

(सांगली, विश्रामबाग. निवृत्त संस्कृत शिक्षक गुरुजींकडे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचे वडील, मेंढपाळ जोतीराम, खांद्यावर घोंगडी टाकून सकाळच्या एसटीने जतहून आले आहेत. ती विद्यार्थिनी, क्रांती, केनियात नुकतीच शिक्षिका झाली आहे; तिथल्या शाळेतून मोबाइलवर बोलते आहे.)

गुरुजी : म्हणजे शाळेची दुर्बीण बराकाने फोडली नाही, हे तू निश्चयपूर्वक सांगतेस?

क्रांती : मी नव्हे, गुरुजी. ज्याने फोडली त्यानेच सांगितले. इयनने. साऱ्या वर्गासमोर.

जोतीराम : आन त्यो इयन कुणाचा, ते बी सांग की गुरुजीस्नी! शाळा ज्याच्या जिवावर चालती त्या सायबाचा. बराका पहारेकऱ्याचा.

गुरुजी : थांबा, जोतीराम. एवढ्या मोठ्या घरचा मुलगा आपण होऊन कसा बोलला?

क्रांती : दोघांना घोंगडीवर बसवले.

गुरुजी : घोंगडीवर?

क्रांती : मी निघताना आबांनी दिलेल्या. दुसऱ्या दिवशी बराकाला शाळेतून काढणार होते. मी वर्गात घोंगडी अंथरली, दोघांना बूट काढायला सांगितले. म्हटले, आमच्या मेंढरांच्या तळावर तंटा झाला की असेच बसतात, आणि हिच्यावर बसून कोणी खोटे बोलत नाही. बसायचे तर बसा, नाहीतर खुशाल उठा.

जोतीराम : थंडी वाजू ने म्हणून दिली हुती, गुरुजी! तितं पंचायत भरवायला न्हाई!

गुरुजी : मग?

क्रांती : बराका म्हणाला, मी नाही. इयन बराच वेळ लोकरीची कुसळे उपटत राहिला. मग रडला. धक्का त्याचाच लागला होता. भीतीपोटी बराकाचे नाव घेतले होते.

गुरुजी : त्या बालकाचा अपमान तर झाला नाही ना?

क्रांती : आता तो बराकाच्या शेजारीच बसतो, गुरुजी. अपमान झाला तो त्याच्या वडिलांचा.

गुरुजी : आणि शाळेची आज्ञा काय?

क्रांती : उद्या सकाळच्या प्रार्थनेला सर्वांसमोर मी म्हणायचे, की काही मंत्रतंत्र करून मी इयनला घाबरवले, त्याचे बोलणे खरे धरू नका. तसे म्हटले तर माझी नोकरी राहील आणि बराका जाईल.

जोतीराम : दोन वाक्यं हायती, गुरुजी! दोन! गावानं वेशीत हार घातला हिला. आन म्हयन्यात माघारी आली तर लोकं म्हणतील, जोतीरामाची मेंढरं आली, मागनं पोरगी बी आली.

क्रांती : म्हणू द्या की. कळपात एक जास्ती.

जोतीराम : बगा! आसं बोलती. माजं ऐकंना, म्हणून तुमच्या पायाशी आलो. तुमचा सबूद मोडायची न्हाई ती.

गुरुजी : क्रांती, तुझ्या वडिलांनी मला मध्यस्थ केले आहे, तेव्हा बोलणे प्राप्त आहे. सत्य अप्रिय असेल तर त्याविषयी मौन धरावे, असे आपले पूर्वसूरी सांगत आले.

क्रांती : मौनाची सवलत मिळाली असती तर विचार केला असता, गुरुजी. ती त्यांनी दिलेलीच नाही. त्यांना माझा आवाज हवा आहे, आणि तो मी देणार नाही.

गुरुजी : जोतीराम, माझ्याजवळचे शास्त्रवचन संपले.

जोतीराम : आवं, आसं कसं संपलं? भितीभर बुकं हायती की!

गुरुजी : त्यांतले एकही या मुलीला 'खोटे बोल' असे सांगणार नाही. ते सांगायचे तर तुम्हीच सांगा.

क्रांती : आबा, खांद्यावरली घोंगडी खाली अंथरा.

जोतीराम : कशापायी?

क्रांती : तिच्यावर बसा. आन मग म्हणा, 'क्रांते, उद्या खोटं बोल.' तुमी म्हणला की लगीच बोलते. माजा सबूद.

जोतीराम : लय आगाव हाय ही! गुरुजींच्या घरात, आसल्या चकचकीत फरशीवर...

गुरुजी : अंथरा. या घरात यापूर्वी इतके पवित्र आसन कोणी अंथरलेले नाही.

जोतीराम : व्हय... अंथरली.

गुरुजी : मग उभे का?

जोतीराम : बसल्यावर खऱ्याबिगार तोंडात दुसरं काय येणार न्हाई, म्हणून.

क्रांती : आबा.

जोतीराम : बसलो गं. बसलो.

क्रांती : बोला आता.

जोतीराम : तू माघारी आलीस तर गाव हासंल. मला लय लागंल ते. खरं हाय.

क्रांती : आन?

जोतीराम : आन... त्या पहारेकऱ्याला बी गाव आसंल.

गुरुजी : पुढे, जोतीराम?

जोतीराम : फुडं काय, गुरुजी! क्रांते, उद्या प्रार्थनेला जाताना घोंगडी संगं घे. उभ्यानं बोलू नगं.