टेपला टकटक नसते

१९९०, मार्चमधला पहिला रविवार, कोपराखाली दहा सेंटीमीटरवर डावा हात एकोणतीस, उजवा तेवीस, हजर आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको सुनंदा. हे वहीचं पहिलं पान.

मी मूळचा चिंचवडचा. सत्तर साली कॉव्हेंट्रीला आलो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्टर म्हणून, म्हणजे काम एकच, माप घ्यायचं. मायक्रोमीटर बघितलाय का तुम्ही? जाडी मोजायच्या त्या यंत्राला मागे रॅचेट म्हणून घुंडी असते, भागाला टेकलं की टकटक वाजतं, मग कितीही फिरवा, पुढे आवळत नाही. आपल्या मनातलं काही मापात उतरत नाही. वीस वर्षं त्या टकटकीवर काढली मी.

अठ्ठ्याऐंशीत सुनंदाचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन, आणि आम्हाला वाटलं सुटलो. दीड वर्षानं तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या निघेनात. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, लघवीच्या गोळ्या दिल्या, उपयोग शून्य. हॉस्पिटलात रक्ताची गुठळी शोधली, नव्हती. शेवटी कन्सल्टंटनं हातावर बोट दाबलं, खळगा भरून यायची वाट बघितली आणि म्हणाले लिम्फिडीमा, काखेतून पाणी परत जायची वाटच राहिली नाही. सुनंदानं विचारलं बरं कधी होणार, तर म्हणाले बरं नाही, आटोक्यात ठेवू. घट्ट स्लीव्ह घाला, हात वर ठेवा, व्यायाम करा, आणि मिस्टरांनी दर रविवारी माप लिहावं. वर्षभरात वाढतच गेलं तर एक सर्जन आहेत, हातातल्या त्या पाण्याच्या बारीक नळ्या शिरेला जोडून बघतात, पण हात मऊ आहे तोवरच.

काय सांगू तुम्हाला, एकही रविवार चुकवला नाही मी. एकोणतीस, पावणेएकोणतीस, साडेअठ्ठावीस. उतरतंय म्हणून मी खूश. ती म्हणायची अहो, स्लीव्ह चढत नाही हो आता, मी म्हणायचो धुऊन आटली असेल. सहा महिन्यांनी क्लिनिकला गेलो, तिथली माप घेणारी नर्स मार्गारेट रजेवर, नव्या डॉक्टरनं माझ्याच वहीतले आकडे उतरवून घेतले, म्हणाला इन्स्पेक्टरचं माप, आम्ही काय तपासायचं! मला अभिमान वाटला हो.

वर्ष झालं तेव्हा वहीत साडेसत्तावीस होते. या वेळी मार्गारेट होती, तिनं टेप लावला आणि म्हणाली बत्तीस. मी म्हटलं चुकतंय तुझं, दे इकडे, आणि तिच्यासमोर माप घेतलं, साडेसत्तावीस. तिनं टेप काढून सुनंदाचा हात माझ्यापुढे धरला. टेपचा वळ बोटाएवढा खोल उमटला होता. हळूच म्हणाली, यू पुल इट, लव्ह.

सर्जननं तरी बघितलं. म्हणाले आतून कडक झालाय, नळ्या जोडून आता फायदा नाही, जास्तीचं मांस कापून काढता येईल, लांब व्रण राहील, सूज परत येणार नाही असं सांगता येत नाही. सुनंदानं नको म्हटलं. सहा महिने आधी आला असतात तर, असं काही ते म्हणाले नाहीत. ते मी म्हणतो, रोज.

बसमध्ये मी तिला विचारलं, तुला दुखत नव्हतं का गं, बोलली का नाहीस? म्हणाली आकडा उतरला की रविवारचं जेवण नीट जायचं तुम्हाला. मग थोड्या वेळानं म्हणाली, आणि मलासुद्धा खरं वाटायचं.

आता सत्त्याण्णव साल चाललंय. रोज सकाळी बोटांपासून दंडापर्यंत बँडेज मी बांधतो, चाळीस मिनिटं लागतात, मार्गारेटनं शिकवलंय, जोर सगळीकडे सारखा पाहिजे. तो मला कळत नाही. खरंच सांगतो, स्वतःच्या हातावर माझा विश्वास राहिलेला नाही. मग सुनंदाच सांगते. बँडेज बसेस्तोवर गप्प असते, बसलं की तोंडानं म्हणते टकटक, आणि मी थांबतो.

परवाचं माप चौतीस. मार्गारेटनं घेतलेलं.