चौथऱ्यावरचं नाव

(शिंप्याचं दुकान, मागे घर. सकाळ. मशीन बंद आहे.)

झंझावात: काकू, चौथरा तयार आहे, पुतळाही येतोय. फक्त नाव कोरायचं राहिलंय.

आई: मग कोरा की. भूधरा. तुमच्या बचाव खात्यानंच ठेवलंय ना ते?

झंझावात: लोकांना भूधरा नकोय. इस्पितळातून वाचलेली माणसं, समोरचे दुकानदार, सगळे म्हणतात, चिंगी लिहा. खातंही तयार झालंय. तुम्ही हो म्हणायला हवं.

आई: नाही.

बाबा: अगं, पूर्ण ऐकून तरी घे त्याचं.

आई: काय ऐकायचं राहिलंय? पोटची पोर इमारतीखाली गेली, एवढं ऐकून झालंय माझं.

बाबा: तू बस रे. त्या खुर्चीवर नको, टाचण्या आहेत. इकडे बस. भूधरा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सिमेंटची जाहिरात आहे. पोशाखावर छातीशी ‘भू’ शिवायला सांगितला तुमच्या साहेबांनी. मी म्हटलं, शिवतो, पण आधी या नावानं हाक मारून बघा, वळते का पोरगी.

झंझावात: नाहीच वळायची. मी वायरलेसवर भूधरा, भूधरा करून घसा फोडतोय आणि बाईसाहेब गप्प. शेवटी ‘चिंगे’ म्हटलं की लगेच, “काय रे, बहिरी नाहीये मी!”

आई: हे सगळं यांच्यामुळं झालं. तो पूल खचला, तेव्हा ती खाली खांद्यावर तोलून उभी होती. पहिलीच कामगिरी. तोंडावर मुखवटा, कुणाला काही पत्ता नाही. आणि हे काठावरून बोंबलले, “चिंगे, पाठ सांभाळ!” सगळे कॅमेरे यांच्याकडे वळले. संध्याकाळपर्यंत गावभर चिंगी.

बाबा: डोळ्यांदेखत पोर पुलाखाली उभी. तोंडात दुसरं काय येणार होतं माझ्या?

आई: दोष नाही देत हो. पण तेव्हापासून आपल्या दाराला कडी म्हणून राहिली नाही. कुणाची गाडी गटारात गेली, चला चिंगीकडे. कुणाचं कपाट जिन्यात अडकलं, चला चिंगीकडे.

बाबा: कपाटाला हसत गेली होती ती. त्यांचे पोहे-बिहेही घेतले नाहीत, नुसतं पाणी पिऊन आली.

आई: आणि रात्री कण्हत होती, ते विसरलात? डॉक्टर काय म्हणाले होते? तू होतास ना रे तिथं?

झंझावात: होतो. मणके झिजलेत, आता वजन घ्यायचं नाही, म्हणाले. म्हणून तर खात्यानं रजेवर ठेवलं होतं तिला. त्या दिवशी मुद्दामच तिला कळवलं नाही. आम्ही लोखंडी टेकू घेऊन निघालोच होतो, काकू.

आई: तुम्ही नाही कळवलंत. पण लोकांना दार ठाऊक होतं. जेवून आडवी झाली होती, मी पाठ शेकत होते. तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. “चिंगीताई, इस्पितळ खचतंय, माझी आई वर अडकलीये.” मी म्हटलं, ती घरी नाहीये.

बाबा: हे तू मला नाही सांगितलंस.

आई: काय सांगू? त्यानं भांडण केलं नाही, आत घुसला नाही. तिथंच पायरीवर बसला आणि तिचं नाव घेत रडायला लागला. मग आतून आवाज आला, “आई, माझ्या चपला कुठायत?” ... तुझ्या दारात येतं का रे कुणी असं?

झंझावात: नाही. शेजाऱ्यांना वाटतं, मी विमा विकतो.

आई: आता रस्त्यानं आलास, कुणी ओळखलं?

झंझावात: नाही.

आई: म्हणून तू बसलायस माझ्यासमोर.

बाबा: अगं!

झंझावात: राहू दे काका. खरंच आहे ते. ... मी पोचलो तेव्हा ती तळमजल्यावर तुळई खांद्यावर घेऊन उभी होती. वर म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड. जिना हलत होता, एकही उतरायला तयार नाही. मी सांगितलं, घाबरू नका, खाली भूधरा आहे. एक आजी म्हणाली, “कोण भूधरा? मी नाही येत.” तेवढ्यात खालून ही ओरडली, “आजी, मी चिंगी! शिंप्याची चिंगी! मी धरलंय, तुम्ही या.” आणि उतरल्या हो, काकू. एकमेकींचे हात धरून उतरल्या. तिच्याजवळून जाताना जी ती म्हणत होती, चिंगे, जपून गं, चिंगे, जपून.

आई: त्या माणसाची आई?

झंझावात: ती पण उतरली. शेवटच्या आजींना चालता येत नव्हतं, त्यांना मी उचलून बाहेर नेलं. वळून म्हटलं, “चिंगे, सोड आता, पळ.” ती म्हणाली, “पाठ धरलीये रे. पळता नाही येणार.” आजींना खाली ठेवलं आणि फिरलो मी. अर्ध्यात होतो. माझ्याइतकं वेगात कुणी जात नाही म्हणतात. झंझावात म्हणतात मला.

बाबा: पुरे. पुरे, बाळा.

झंझावात: मी सांगतो खात्याला. भूधराच लिहू देत.

आई: आणि लोक?

झंझावात: लोक काय... त्यांनी आधीच खडूनं लिहून ठेवलंय. चौथऱ्यावर, पडक्या भिंतीवर, जागा मिळेल तिथं.

बाबा: काल पाहिलं मी.

आई: तुम्ही गेला होतात तिथं?

बाबा: दुकानात बसवेना. गेलो, उभा राहिलो, आलो. कुणी तिरकं लिहिलंय, कुणी मोठं. बऱ्याच जणांनी तर चुकीचं लिहिलंय, पण लिहिलंय.

आई: काय चुकलंय?

बाबा: दीर्घ काढलाय.

आई: ... मग कोरा तुम्ही चिंगी. पण नीट कोरायला सांग रे त्यांना. ‘चिं’ ऱ्हस्व आहे. तीही लहानपणी दीर्घच काढायची, मी हात धरून गिरवून घेतलं होतं.