पानातलं मीठ

आमचं गाव राजापूरच्या पलीकडे, आता तिथे आमचं कोणी नाही, घर होतं ते दिरांनी ठेवून घेतलंन, ठेवू देत, मला काय करायचंय. लग्न होऊन मी तेराव्या वर्षी सासरी आल्ये, नि तिथे स्वयंपाकाच्या आधी पान मांडायला शिकल्ये. सासू कडक. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वरती मधोमध मीठ, ते सगळ्यात पहिलं, मग लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी नि आमटी, आणि भातावर वरण-तूप पडल्याशिवाय कोणी पानाला हात लावायचा नाही. भोवती रांगोळी, घड्याळाचा काटा फिरतो तशी फिरवत आणायची. जरा इकडचं तिकडे झालं की सासू म्हणायची, गो, जेवायला माणूस बसणारे, ढोर नव्हे. मला राग यायचा तेव्हा. पण शिकल्ये, चांगली शिकल्ये.

मग हे मुलुंडला बिऱ्हाड करून राहिले, एका पेढीवर कारकून होते, दोन खोल्या, मागे मोरी, नि घरमालकांची केळीची बाग लागून, त्यामुळे पानांना कधी तोटा पडला नाही बघा. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी हे गेले. विषमज्वर. कुसुम माझी तेव्हा चौदा-पंधराची, एकुलती एक. आता काय सांगू तुम्हाला, मला लिहिता येत नाही, शिवण येत नाही, येतं काय तर सोवळ्यातला स्वयंपाक. मालकीणबाईंच्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं, त्यांनी बोलावलंन, ते जेवण भटजींना आवडलं, नि त्यांनीच पुढे घरं सांगितली, मुलुंडची, भांडुपची, घाटकोपरची. पक्षपंधरवड्यात एक दिवस रिकामा नसायचा. हल्लीच्या सुनांना श्राद्धाचं पान कसं मांडायचं ते ठाऊक नसतं, म्हणून मांडायचंही मीच.

ते निराळं असतं ना. पितरांचं पान. आमच्याकडे त्यात मीठ वाढत नाहीत. रांगोळी नाही, भस्माची रेघ, नि ती उलटी फिरवायची, डावीकडून. सहा वर्षं मी हेच केलं हो, सहा वर्षं. घरी आम्ही दोघी, पितळी घेऊन बसायचं नि आमटीभात खायचा, घरी कुठली रांगोळी नि कुठली पंगत. जिवंत माणसासाठी असं साग्रसंगीत पान मी सहा वर्षांत एकदासुद्धा मांडलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता रोज येतं.

कुसुमला घाटकोपरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत, निर्व्यसनी, हुंडा नको म्हणालेले. बघून गेले, पसंत केलंन. मुलगा जाताना मागे वळून हसला हो, मी दाराआडून पाहिलं, नि कुसुम दोन दिवस विहिरीवरसुद्धा गुणगुणत होती. माझी पोर गुणगुणते हे मी बापाच्या मागे पहिल्यांदा ऐकलं. फक्त मी काय करत्ये ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. मध्यस्थ म्हणाले, वहिनी, पापड-मसाले करता असं सांगू, श्राद्धाचं नाव मंगलकार्यात नको. मी म्हटलं बरं. खोटं तर खोटं, मुलगी उजवायची होती.

लग्नाच्या याद्या करायला ती माणसं जेवायला यायची ठरली. पान मांडायला शेजारची विमल यायची होती, सवाष्ण, कारण मी विधवा, मी मंगलकार्याच्या पानाला हात लावायचा नाही हे मलाही कळतं. तर सकाळीच विमलच्या पोराला ताप भरला, ती बिचारी येते कशी. कुसुमला नवी साडी नेसवलेली, तिला खाली बसवून रांगोळी काढायला लावू? मी म्हटलं, ती माणसं यायच्या आत पानं मांडून आत जाईन, कोण बघतंय. उत्साह बघा माझा.

ती माणसं अर्धा तास आधी आली. मुलाची आत्या पाय धुऊन पुढे आली नि उंबऱ्यात उभी राहिली. मला पत्ताच नाही. मी आपली शेवटच्या पानाभोवती रांगोळी फिरवत्ये. हात आपला आपण फिरतोय. मान वर केली तर आत्याबाई माझ्या हाताकडे बघतायत, हात डावीकडून फिरतोय. मग त्यांनी पानांवरून नजर फिरवलीन. लिंबू आहे, चटणी आहे, कोशिंबीर आहे. मीठ नाही. एकाही पानात मीठ नाही.

मला म्हणाल्या, बाई, तुम्ही पितरांची पानं मांडता का? आवाज चढवला नाही की काही नाही. मुलगा तोवर त्यांच्या बाजूनं आत येऊन पाटावर बसलासुद्धा होता. त्याला म्हणाल्या, ऊठ, जिवंतपणी पितराच्या पानावर बसू नये. त्यानं एकदा कुसुमकडे बघितलंन. मला वाटलं हा बोलेल. पण उठला. मी मिठाची बरणी घेऊन धावल्ये हो, वाढत्ये, आत्ता वाढत्ये म्हणत, रांगोळीतच पाय पडला माझा. ती माणसं चपला घालून गेली. आठ माणसांचं जेवण आम्ही मालकांच्या गाईला घातलं.

पुढे ज्याला त्याला कळलंच. दोन स्थळं दारापर्यंत येऊन परतली, मग तीही यायची बंद झाली. कुसुमनं मला एका शब्दानं दूषण दिलं नाही. दिलं असतंन तर बरं झालं असतं. म्हणून दाखव ना बाई, शिव्या घाल, आई वैरीण आहेस म्हण. नाही. गुणगुणणं मात्र थांबलं ते थांबलंच.

आता मला डोळ्यांनी कमी दिसतं, चुलीपुढे बसवत नाही, तर गेल्या वर्षापासून श्राद्धाच्या घरी तीच जाते. पंचविसावं चाललंय तिला. भटजी म्हणतात, आईपेक्षा मुलीचा हात चांगला. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

घरी पहिलं माझं पान घेते, नि सगळ्याच्या आधी मीठ वाढते त्यात. परवा मी जरा वाकून तिच्या पितळीत बघितलं. मीठ नव्हतं. म्हटलं, कुसुम, मीठ घे गो. म्हणाली, मला लागत नाही आई. म्हटलं, कधीपासून? मी चिमूट घेऊन हात पुढे केला तर तिनं पितळी ओढून घेतलीन.

तुम्हाला लग्नाची मुलगी आहे म्हणालात ना, चांगलं स्थळ मिळो तिला, सुखी राहो. जेवूनच जा आता. बसा अशा इकडे, कुसुम येईल एवढ्यात, नि मीठ मी विसरायची नाही.