काळ्या काठाचं सूत

कापसाच्या तेजीत अकोल्याच्या रंगाऱ्यापुढे रांग लागली होती. जयवंताबाईच्या पुढची गोदाबाई लुगडं झटकून ओरडली, “पांढरं धड हाय, मंग काळा काठच कसा फाटला?”

“सूत कच्चं असंन. चांगला कापूस सारा मुंबईले चालला.”

“दोन्ही एकाच सुताचं हाय!”

“काळ्यासाठी हिरड्याच्या काढ्यावर लोखंडाचं पाणी दिलं, बाई. काळा पक्का बसला ना?”

“बसला. पन उरलेलं लोखंड मोर्णा नदीत धुवून काढलं काय?”

“एवढ्या गर्दीत कवा धुवू?”

“तेच लोखंड सूत खाते! माही पोरगी पंगतीत वाढून राहिली होती. काठ टरकन फाटला, सासरचे हासले!”

जयवंता पुढे झाली. “माहं रंगाले दिलेलं सूत वापस द्या.”

“ते काळ्याच्या हौदात पडलं, बाई.”

“मंग काढा. मोर्णेत मीच धुतो.”