सॉरीचं माप

"हॅलो?… हॅलो, मुंगे?… काय?… 'सॉरी, राँग नंबर'?… अगं ए, ठेवू नकोस! ठेवलास तर तिथं येऊन दार बडवीन!… सात वर्षं आधी जन्मलेय मी तुझ्या. तुझा पहिला टाहो ऐकलाय. मला तुझा आवाज कळत नाही होय? राँग नंबर म्हणे!"

मोठी शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर बिस्किटांचा जुना डबा उघडा, आणि डावी मूठ घट्ट मिटलेली. टेप तिनं उभ्या जन्मात गळ्यात घातली नव्हती. टेपवरचे आकडे तिला वाचता येत नसत, आणि ते ती कुणाला कळूही देत नसे. गिऱ्हाइकाच्या अंगाला दोरा लावायचा. छातीला एक गाठ, कमरेला एक, बाहीला एक, आणि ओळख म्हणून टोकाला बटण. ज्याचं त्याचं बटण ठरलेलं. चाळीस वर्षांत तिच्या हातचा एक कोट परत आला नव्हता. म्हणजे, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

"हो, हो… माहितेय, चारची गाडी आहे. मेहुण्यांनी सांगितलं… तू कशाला सांगशील? सहा महिने लेकाकडे निघालीस, अन् मोठ्या बहिणीला पत्ता नाही!… काय?… 'पाठ झाकायला कोट नव्हता म्हणून भेटायला आले नाही'?… कळतात हं टोमणे. मीच शिकवलेत तुला."

टोमणा वर्मी लागला होता. धाकटी हॉस्पिटलातून निवृत्त झाली त्या दिवशी मोठीनं शिवलेला निळा कोट घालून मंचावर उभी होती. फुलं घ्यायला वाकली आणि पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत चर्रकन उसवली. तिनं वळून बहिणीकडे पाहिलं. तेव्हा गप्प बसावं की नाही? पण मोठी तिसऱ्या रांगेतून खणखणीत म्हणाली, "माझी शिवण सुटत नाही. तुझं अंग सुटलंय!" सगळा हॉल खिदळला. धाकटी पाठीला फुलांचा गुच्छ लावून घरी गेली, ती आजतागायत बोलली नव्हती.

"अगं ऐक ना… ऐकून तर घे… काय पाहिजे तुला? सॉरी?… हात्तिच्या! त्या शब्दाला काय किंमत उरलीय गं? परवा बसमध्ये एकानं बरगडीत कोपर घातलं. म्हणाला, सॉरी. आणि त्याच कोपरानं मला ढकलून माझ्याच जागेवर बसला!… नाही, हसू नकोस… सूनबाईचं ऐक. तिला म्हटलं, दिवा घालव. मान तिरकी करून म्हणते, 'सॉरी?' मला वाटलं, पोरीला पश्चात्ताप झाला. म्हटलं, जा, केलं माफ. तर तिला ऐकूच आलं नव्हतं!"

पलीकडे खुदकन आवाज झाल्यासारखा वाटला. मोठी स्टुलावर पुढे सरकली. हसलं की माणूस अर्धं वळतं, हे तिला गिऱ्हाइकांवरून ठाऊक होतं.

"आणि ती पलीकडची मास्तरीणबाई. तिचे यजमान गेले तेव्हा जो येईल तो, 'सॉरी', 'सॉरी'. मी दारात उभी. म्हटलं, एवढ्या सगळ्यांनी मिळून मारलं की काय बिचाऱ्याला!… अगं खरंच!… आणि तुमच्या हॉस्पिटलातला तो खिडकीवाला? 'सॉरी, जेवणाची सुट्टी', की धाडकन खिडकी बंद. बोट जायचं राहिलं माझं. आणि एक गिऱ्हाईक येतं बघ, 'सॉरी हं, राग मानू नका, पण…' म्हणत. त्या 'पण'च्या मागे सुरी असते, मुंगे. आधी सॉरीचा बोळा फिरवायचा, मग खुपसायची… फोनमधली ती बाई तर कुणालाच ओळखत नाही, तीसुद्धा सॉरी म्हणते! असला उष्टा शब्द तुला कशाला?… तरी पाहिजे? बरं, घे. सॉरी. सॉरी, सॉरी, सॉरी. चार झाले. पिशवीत भर आणि ने लेकाकडे."

मोठीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"हॅलो?… आहेस ना?… कशाबद्दल म्हणजे?… असंच. सगळ्याबद्दल… नाही चालत? तुम्ही शिकलेली माणसं म्हणजे ना… बरं. ऐक. मध्ये बोलू नकोस. काल रात्री डबा आवरायला काढला. तळाशी लाल बटणाचा दोरा सापडला… हो, लाल म्हणजे तूच. पण लाल बटणाचा दोरा तर मी तुझ्या कोटाला वापरून वर ठेवला होता. मग हा दुसरा कुठला?… थांब ना, सांगते. तळाशी होता तो गेल्या वर्षी घेतलेल्या मापाचा. खरा. आणि मी कोट कापला तो…"

तिनं मूठ उघडली. पिवळा पडलेला दोरा, तीन गाठी, आणि टवका उडालेलं लाल बटण. गाठी एकमेकींच्या इतक्या जवळ, की जणू बाहुलीचं माप.

"…तो तू नर्सिंग शिकायला निघालीस तेव्हाचा. एकोणीस वर्षांची होतीस. नुसती काडी. माझ्या हातचा पहिला कोट होता तो, आठवतो?… तपकिरी… हो, एक खिसा वर, एक खाली. पहिलाच होता म्हटलं ना!… नाही गं, बाकी सगळ्यांचे जुने दोरे कातरणांबरोबर फेकते मी. तुझा नाही फेकला… का म्हणजे? नाही फेकला, झालं. कारणं काय विचारतेस कोर्टातल्यासारखी?… हॅलो? रडतेस की काय?… अगं, उलट कौतुक कर स्वतःचं! एकोणीस वर्षांच्या पोरीच्या कोटात तासभर उभी राहिलीस. श्वास कुठून घेत होतीस गं?"

धाकटी काहीतरी हळू बोलली. मोठीचा चेहरा पडला.

"सॉरी म्हटलं ना मघाशी… ते नको? मग कोणतं?… आपलं? आपल्या भाषेतलं?"

तो शब्द तिच्या तोंडून ना नवऱ्यानं ऐकला होता, ना सासूनं. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सूनबाई आत होती. मग मशीनवर पाय ठेवला, जोरात खडखडाट सुरू केला आणि त्या आवाजाखाली ओठ हलवले.

"म्हटलं!… ऐकू नाही आलं? आता मशीन चालू होती त्याला मी काय करू… बंद करू?… बरं बाई. केली."

खोली एकदम शांत झाली.

"माझं चुकलं, मुंगे. दोरा चुकला. आणि दोऱ्यापेक्षा तोंड जास्त चुकलं. भर सभेत बोलायला नको होतं… हं… नवा शिवलाय. पहाटेपासून बसले होते. खऱ्या दोऱ्यानं, आणि आतून दोन बोटं कापड जास्त सोडलंय. लेकाकडे खाशील-पिशील, घट्ट झाला तर सोडवून घे. साडेतीनला स्टेशनवर आणते. पाठीत बसतो का बघ आधी, आणि… हे टाळ्या कोण वाजवतंय?"

मोठीनं फोन कानापासून लांब धरला, पुन्हा लावला.

"स्पीकर?… केव्हापासून?… सगळ्या नर्सा? निरोपाला आल्यात?… मेट्रनबाईसुद्धा? ज्या तेव्हा हॉलमध्ये होत्या त्या सगळ्या?… अगं माझ्या कर्मा! मुंगे, तू मुंगी नाहीस, डंख मारणारी गांधीलमाशी आहेस!"

पण रागवायला जावं तर ओठ ऐकेनात. चारचौघांत उसवलं होतं, चारचौघांतच शिवलं गेलं. टाका सरळ होता. खोट काढायला जागा नव्हती.

"काय?… परत एकदा म्हणू? मेट्रनबाईंना नीट ऐकू आलं नाही?… कोण मुंगी?… कोण मोठी?… इथं असं कुणी राहत नाही बाई. सॉरी हं! राँग नंबर."