विहिणीकडची टर्की

हॅलो?… कोण?… लोर्ना? अगं मोठ्यानं बोल, चोरासारखी कुजबुजतेस काय?… कुठे लपलीयेस?… बर्नडेटच्या कोठीघरात? बरं झालं. सख्ख्या बहिणीला टाकून तिच्या विहिणीच्या पंगतीला गेलेल्या बाईची जागा तिथेच.

नाही गं, रागावले नाही. मी कशाला रागावू? थँक्सगिव्हिंग आहे आज, आजच्या दिवशी कोणी रागावतं का?… हो, हो, बोलावलं होतं तिनं. दोनदा फोन केला. बोलावणारच! इतकी वर्षं आख्खं घराणं माझ्या टेबलावर जेवलं. आणि यंदा माझीच मुलगी मला सांगते, 'आई, या वर्षी ग्रँटच्या आईकडे करू या, त्यांची फार इच्छा आहे.' इच्छा! इच्छा मलाही पुष्कळ होतात.

हो, हो… अगं ऐक ना. आधी मला सांग, टेबल कसं मांडलंय?… कापडी नॅपकिन?… इस्त्री केलेले?… आणि प्रत्येकाच्या ताटाशी नावाची चिठ्ठी? ती आणखी कशाला? माणसांना आपापली नावं माहीत नसतात?… भोपळे कोरून त्यात फुलं?… अस्सं. नाही, मला काय वाटायचंय? छान. छानच आहे.

कार्लही आलाय?… बायकोला घेऊन? माझ्याकडे यायचं म्हटलं की त्याची कंबर धरते. तिकडे डेस मॉइन्सहून गाडी चालवत आला, तेव्हा नाही धरली?… भाऊ आहे म्हणून बोलते गं, नाहीतर मला काय करायचंय.

टेस कुठेय?… लहान मुलांच्या टेबलावर नाही?… मग?… कुणाच्या मांडीवर?

…

अं? नाही, आहे मी. फोन नाही कापला. बसू दे की. नात तिचीही आहे. पाच वर्षांची घोडी झाली, मांडीवर काय बसवायची, एवढंच म्हणते मी.

काय म्हणालीस?… माझ्याकडचे पाहुणे? आले ना. अकराच्या अकरा आले. थांब हं एक मिनिट, कोणीतरी हाक मारतंय.

(फोनवर हात ठेवून, नवऱ्याला) ड्वाइट! ए ड्वाइट! टीव्हीचा आवाज वाढव!… लोर्नाचा फोन आहे… अरे वाढव म्हणते ना! आपल्याकडे अकरा माणसं जेवायला आहेत असं गावभर सांगून बसलेय मी, आणि घरात तुझ्या घोरण्याशिवाय आवाज नाही!… फुटबॉलच राहू दे. ओरडतायत ना ते लोक? ओरडू देत.

हां, बोल लोर्ना… हो ना, नुसता गोंधळ चाललाय इथे… कोण कोण म्हणजे? चर्चमधली माणसं. तू नाही ओळखत… नवीन आहेत… सगळीच नवीन आहेत. माझं जाऊ दे, तुम्ही जेवलात का?

अजून नाही? अगं, दिवस मावळायला आला!… नुसते पाव खातायत? आणि सगळ्यांनी आभार मानले का, कोण कशासाठी ते?… दोनदा? जेवण नाही आणि आभार दोनदा?… वेळ काढायला! बाई बाई… माझं नाव घेतलं का गं कोणी?… कॉरिननं?… काय म्हणाली?… 'आज आई इथे हवी होती'… पहिल्या खेपेला म्हणाली की दुसऱ्या?… दुसऱ्या. हं. म्हणजे पोटात कावळे ओरडायला लागल्यावर आई आठवली.

मग अडलंय कुठे?… काय?… खरं सांगतेस?… टर्की आत गोठलेली? मधोमध? बर्फ?

नाही, हसत नाहीये मी. ठसका लागला… वरून कशी झालीये?… तांबूस, खरपूस. आणि आत दगड… फ्रीझरमधून काढली कधी होती तिनं?… काल! अगं, काल? एवढं धूड रविवारी काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, तेव्हा कुठे गुरुवारी ओव्हनमध्ये जातं. आपल्या आयोवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे! नॅपकिनना इस्त्री करायला वेळ होता बाईला… आणि दुकानातूनच पोटात घालून येते ती पुडी? काळीज आणि मानेची, कागदातली?… तीही आतच राहिली? थांब, मला बसू दे खाली.

नाही गं, वाईट वाटतंय मला. मनापासून वाईट वाटतंय. परत सांग, सुरी लावली तेव्हा काय झालं?… खट्ट आवाज आला?… सगळ्यांसमोर?… आणि ग्रँटचा चेहरा?… अरेरे. अरेरेरे.

रडतेय? कोण, बर्नडेट?… बाथरूमचं दार लावून?… केव्हापासून?

…

हं.

दुकानं बंदच असणार आज. आणि उघडी असली तरी काय, गोठलेलीच मिळणार… आमची? आमची झाली ना केव्हाच… मोठी. भली मोठी. मला लहान करताच येत नाही. दुकानात गेले तर हात आपोआप सगळ्यात थोरलीवरच पडला… हो, पोटात भरायचं सारण पण आहे. सेजचा पाला घातलेलं, तेच… ग्रेव्ही पातेलंभर आहे. पण का विचारतेस?

काय? इकडे? सगळे?… एकोणीसच्या एकोणीस?… बटाटे, रताळी, गोडधोड, सगळं गाड्यांत घालून? ही कल्पना कुणाची, तुझी?… बर्नडेटची?… ती स्वतः म्हणाली, 'मॅक्सीनकडे जाऊ या'?… बाथरूमच्या आतून?

अगं पण… नाही म्हणजे, यायला काय हरकत आहे? माझं घर, माझं टेबल, मला तर… थांब, जरा विचार करू दे.

अडचण नाही गं, अडचण कसली?… हो, अकरा आहेत ना… अकरा आणि एकोणीस तीस होतात, मलाही येते बेरीज… पुरेल, टर्की पुरेल… कुणाला विचारू?… हां, पाहुण्यांना. विचारते. थांब.

(फोनवर हात ठेवून) ड्वाइट, ते सगळे इकडे येऊ म्हणतायत. टेसही… अरे, आनंद कसला! आले की बघतील ना घरात कोण आहे ते! आधीच जेवून गेली चर्चची माणसं असं सांगू?… हो रे, टर्कीला सुरी लागलेली नाही, तेही खरंच. मग काय सांगू?… 'खरं सांग.' वा! तुला बोलायला काय जातंय? विहिणीसमोर नाक कापलं जाणार ते माझं… नाही सांगणार. येऊ नका म्हणते त्यांना… हो. हो, कळतंय मला. मग टेसही नाही येणार. कळतंय!

…

लोर्ना? आहेस ना?… बर्नडेटला बोलव… हो, तिलाच. दारावर थाप मार आणि म्हणावं मॅक्सीनचा फोन आहे… नाही भांडत. तू दे तर खरं… आणि तू जा तिथून. पाव खा जा.

हॅलो?… हो, मीच बोलतेय विहीणबाई… अहो, आधी रडणं थांबवा. टर्कीच ती, होतं असं… माफी कसली मागताय?… नाही, त्रास वगैरे काही नाही. अहो, ऐका ना माझं! मला एक सांगायचंय. आत्ता नाही सांगितलं तर मग माझ्याच्यानं सांगवणार नाही.

आमच्याकडे कोणी नाही.

कोणी म्हणजे कोणीच नाही. मी, ड्वाइट आणि ही थोरली टर्की. अकरा माणसं मी मनानं बसवलेली… का म्हणजे? जळले मी! तुमच्यावर जळले. माझी मुलगी, माझी नात, माझा भाऊ, माझा सण, सगळं उठून तुमच्या घरी गेलं. तिथे मी पाहुणी होऊन, चिठ्ठीवर आपलं नाव शोधत बसायचं? नाही झालं माझ्याच्यानं. म्हणून दिलं ठोकून, माझ्याकडेच माणसं आहेत म्हणून.

झालं. सांगितलं. आता हसा हवं तर.

…

हसताय ना?… नाही? मग काय झालं?… काय? तुम्ही?… माझ्यावर? काहीतरीच काय! माझ्यावर कसलं जळायचंय?… टेस? येते ना, दर शनिवारी येते… अहो, पण मांडीवर तर तुमच्याच… हो का? आज पहिल्यांदाच बसली? मला कुठे ठाऊक?

कोण म्हणतो?… ग्रँट? माझा जावई?… माझ्याकडून जेवून घरी आला की तुमच्यापाशी?… दरवर्षी? आणि अगदी तुमच्या तोंडावर?… म्हणून यंदा तुम्ही हट्टानं… अहो, आता काय बोलावं! जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी पोरानं. आईला असं म्हणतात का?… नाही, चुकलंच त्याचं. आला की बोलतेच मी त्याला.

या हो, सगळे या. खुर्च्या तेवढ्या आणा… नावाच्या चिठ्ठ्या? आणा त्याही. रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश चालवा म्हणावं कार्लला… हो, मांडायला घेते मी. ठेवते मग.

अहो, थांबा, ठेवू नका! ते ग्रँटचं… नीट ऐकू नाही आलं मघाशी. काय म्हणतो तो नेमकं?… 'टर्की खावी तर'… हो… 'तर'… कुणाच्या हातची?… अहो, जरा मोठ्यानं सांगा ना, लोर्ना आणि कार्ललाही ऐकू जाऊ दे… हां. हां! आणि सारणाबद्दल?… सारणाबद्दल काय म्हणतो?… हॅलो?… विहीणबाई?… हॅलो?